गड्डूचं हिमोग्लोबिन ४.८ आलंय. रक्त इथंच द्यावं का पुण्याला हलवावं?

झेरॉक्सवाला_जुळे
शनिवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. मी इथं नुसता वाचणारा. आज लिहायला बसलो कारण झोप येत नाही, आणि आई पलीकडच्या खोलीत जागीच आहे, तिच्यासमोर हे सगळं बोलता येत नाही.

आमचा कुत्रा गड्डू. वय सहा वर्षं. दिवाळीत २६ किलो होता, परवा काट्यावर २२ भरला. जात विचारू नका. सिद्धेश्वराच्या यात्रेत होम मैदानावर मोठ्या पाळण्यामागं जनरेटरच्या उबेला पडलेलं पिल्लू, जानेवारीची थंडी, शर्टात घालून घरी आणलं. या यात्रेला आमच्याकडं गड्डा म्हणतात, गड्ड्यात सापडला म्हणून गड्डू. दिवसभर माझ्यासोबत दुकानात असतो. जुळे सोलापुरात माझं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे, काउंटरखालची ए-फोरच्या रिमांची फळी ही त्याची गादी. कॉलेजची पोरं 'साहेब उठलेत का' असं विचारूनच आत येतात.

तीन आठवड्यांपूर्वी त्यानं भाकरी सोडली. एप्रिलातलं सोलापूर तुम्हाला माहितीय, पारा ४२ च्या वर, माणसांच्याच घशाखाली घास उतरत नाही. ऊन लागलं असेल म्हणून ताक-भात सुरू केला. मग अंग तापलं. जवळच्या एका ठिकाणी नेलं, नाव घेत नाही. तिथं तापाचं इंजेक्शन दिलं. एक दिवस शेपूट हलली, दुसऱ्या दिवशी परत तेच. असं तीनदा झालं. रक्त तपासू असं ते म्हणाले नाहीत आणि मलाही सुचलं नाही. रोज लोकांच्या लॅब रिपोर्टांच्या झेरॉक्सा काढणारा माणूस मी, तरी सुचलं नाही.

बुधवारी सकाळी एका बाईंना रिम काढून द्यायला वाकलो तर वरच्या कव्हरवर दोन लाल थेंब. वाटलं कुणी मावा खाऊन थुंकलं, शिवी तोंडात आली होती. तेवढ्यात तिसरा थेंब माझ्यासमोर पडला. गड्डूच्या डाव्या नाकपुडीतून.

दुकान शेजारच्या टेलरच्या भरवशावर टाकून दुसऱ्या दवाखान्यात नेलं. या डॉक्टरांनी सगळ्यात आधी ओठ वर करून हिरड्या बघितल्या. सहा वर्षांत मीही तेव्हाच पहिल्यांदा नीट बघितल्या. फिक्कट म्हणावं इतकाही रंग नव्हता, कोऱ्या कागदासारख्या होत्या. पोटावर मोहरीएवढे तांबडे ठिपके, मांडीच्या आत रुपयाएवढा जांभळा डाग. कानाच्या घडीत गोचीड सापडले, तीनच. किट लावली, एर्लिकिया पॉझिटिव्ह, म्हणजे गोचीड ताप. रिपोर्ट असा: हिमोग्लोबिन ४.८, प्लेटलेट १८,०००, पांढऱ्या पेशी ३,२००. लगेच ॲडमिट. डॉक्सीसायक्लिन, सलाईन, उलटी थांबायचं इंजेक्शन असं चालू आहे.

आता अडलंय ते इथं. डॉक्टर म्हणतात रक्त चढवावं लागेल, पण रक्त देणारा कुत्रा तुम्ही शोधून आणा. भाऊ हडपसरला असतो. तो दिवसातून चार फोन करतो, गाडी करून आत्ताच्या आत्ता पुण्याला घेऊन ये, इथं रात्रभर डॉक्टर असतात. आपल्या इथं रात्री ९ ला शटर पडतं. आत वॉचमन असतो, भला माणूस आहे, पण त्याला सलाईनमधलं काय कळणार. तीन रात्री मी गड्डूला तिथंच ठेवून आलो. आईनं पिंजऱ्यात घालायला घरातली जाड चादर दिलीय. दिवसभर तो त्या चादरीवरून मान उचलत नाही. पण रात्री मी बाहेर येऊन गाडीला किक मारली की आतून एकदाच भुंकतो.

२५० किलोमीटर या अवस्थेत न्यावं का? रक्त देईल असा कुत्रा कुणाच्या माहितीत आहे का? आणि रात्री घरी आणणं बरं का तिथंच ठेवणं? आतापर्यंत ११,००० गेलेत, पैशाचं बघून घेईन, तो प्रश्न नाही.

कंबर_तलावाची_माई
शनिवार, रात्री ११:५८

अरे लेकरा, आधी घोटभर पाणी पी. मी कंबर तलावाच्या बाजूला रोज संध्याकाळी दहा-बारा कुत्र्यांना खायला घालते. हा गोचीड ताप माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. माझ्याकडचे दोन वाचले, एक गेला.

गेलेल्याचं सांगते, कारण तू तेच करायला निघालायस. मे महिना होता. सगळ्यांनी पुणे पुणे केलं म्हणून दुपारी १ ला निघालो. टेंभुर्णीच्या अलीकडं गाडीचा एसी बसला. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही रे, धापा टाकूनच तो अंग थंड करतो, आणि अंगात रक्तच नसलं तर धापा तरी कशाच्या जोरावर टाकणार? इंदापूर ओलांडलं आणि संपलं. रक्त न देता हलवला, भर उन्हात हलवला. दोन्ही माझंच चुकलं.

रात्रीचं विचारशील तर घरी आण. पायातली सुई राहू दे, वर पट्टी बांधून घे, गळ्यात ते प्लास्टिकचं नरसाळं घाल म्हणजे चावणार नाही. झोपला की घड्याळ लावून एका मिनिटात छाती किती वेळा वरखाली होते ते मोज. तिसाच्या आत असेल तर तूही आडवा हो. सारखी तिसाच्या वर जायला लागली तर डॉक्टरांना उठव. त्यांचा मोबाइल नंबर घेतलायस ना? घेतला नसशील तर उद्या पहिलं काम ते.

साधा_माणूस_बाळे
रविवार, रात्री १२:०६

प्लेटलेटला पपईच्या पानांचा रस द्या, सकाळ-संध्याकाळ अर्धी वाटी. डेंग्यूला माणसांना देतात तोच. गोचिडासाठी लसूण ठेचून भाकरीत कुस्करून घाला, रक्ताला वास आला की गोचीड जवळ येत नाही. आमच्या आजोबांपासून चालत आलंय. हे किट-बिट सगळे पैसे काढायचे धंदे. आमच्या शेतावरच्या कुत्र्यांनी कधी दवाखाना बघितला नाही.

गुरांचा_डॉक्टर
रविवार, रात्री १२:२५

मी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात आहे, तालुक्याच्या ठिकाणी. शिरवळच्या कॉलेजात शिकलो. दिवस गाई-म्हशींत जातो, कुत्री त्या मानानं कमी येतात, पण गोचीड तापाची बरीच येतात. इथून मी इलाज करणार नाही, तो तुमच्या डॉक्टरांचा. चार गोष्टी मात्र सांगायला हव्यात.

बाळेकर, राग मानू नका, पण लसूण आणि कांदा कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात. ज्याच्या अंगात ४.८ हिमोग्लोबिन उरलंय त्याला लसूण देणं म्हणजे गळक्या बादलीला आणखी एक भोक पाडणं. पपईच्या रसाचं म्हणाल तर मळमळणाऱ्या कुत्र्याच्या घशात बळंच काही ओतलं की ते फुप्फुसात जायची भीती असते. शिवाय त्यानं एर्लिकिया मरत नाही, ती डॉक्सीसायक्लिननं मरते. आणि शेतावरच्या कुत्र्यांनी दवाखाना बघितला नाही हे खरं असेल, पण त्यातली किती कशानं गेली हेही कुणी बघितलेलं नसतं.

आता गड्डूचं. निरोगी कुत्र्याच्या प्लेटलेट साधारण २ ते ५ लाख असतात आणि पांढऱ्या पेशी ६,००० च्या पुढं. तुमच्या रिपोर्टात तिन्ही पेशी पडल्यात. म्हणजे एक तर आजार जोरात आहे, किंवा बराच काळ आत दबून होता आणि आता हाडातल्या मगजापर्यंत पोचलाय, जिथं रक्त तयार होतं. हा आजार गोचीड चावल्यानंतर एक ते तीन आठवड्यांत ताप आणतो. मग कधी कधी आपोआप बरं वाटतं आणि कुत्रा महिनोन् महिने चांगला दिसतो. गेल्या पावसाळ्यात किंवा दिवाळीत त्याला दोन-चार दिवस ताप येऊन गेला होता का, आठवा. मगज किती साथ देतोय ते पुढच्या आठ-दहा दिवसांत मोजणीवरूनच कळेल. त्याआधी जो खात्रीनं बोलेल त्याच्यावर फार विश्वास ठेवू नका, मग तो पुण्याचा असो का इथला.

रक्ताबद्दल. कुत्र्यांचेही रक्तगट असतात, पण आपल्यासारखी दुसऱ्या गटाविरुद्धची तयार हत्यारं त्यांच्या रक्तात सहसा जन्मजात नसतात. त्यामुळं पहिल्यांदा रक्त देताना मोठा घोळ क्वचित होतो. तरी जुळवून बघायचंच. देणारा कुत्रा २५ किलोच्या वरचा, एक ते आठ वर्षांचा, सगळ्या लसी झालेला, पूर्वी स्वतः कधी रक्त न घेतलेला हवा, आणि त्याचीही गोचीड तापाची किट निगेटिव्ह यायला हवी. नाहीतर एकाचा आजार दुसऱ्याला. जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयातही विचारून बघा, मोठी कुत्री पाळणाऱ्यांची तिथं ओळख असते.

माई बरोबर बोलल्या. आधी रक्त, मग प्रवास, तोही लागलाच तर आणि रात्रीचा.

आणखी एक विचारतो, खरं उत्तर द्या, इथं कुणी ओरडणार नाही. ताप होता तेव्हा घरातली कुठली गोळी दिली होती का? आणि शीचा रंग कसा आहे?

झेरॉक्सवाला_जुळे
रविवार, रात्री १२:३८

दिली होती.

कॉम्बिफ्लॅम. अर्धी-अर्धी, दोन दिवस. पहिली आईनं दिली, बाकीच्या मी. तिच्या गुडघ्यासाठीची असते घरात, स्टीलच्या डब्यात. पेढ्यात घालून दिली, दोन तासांत ताप उतरला, मला वाटलं जमलं.

शी काळी आहे. डांबरासारखी, चिकट. मी समजत होतो टॉनिकनं होत असेल.

डॉक्टरांनी विचारलं होतं. कार्ड भरताना 'आधी काही औषध दिलंय का' असं विचारलं तेव्हा मी तीन इंजेक्शनांचं सांगितलं आणि गोळीला 'नाही' म्हणालो. आई शेजारी उभी होती, चादर हातात घेऊन. तिच्यादेखत कसं सांगू? दिवाळीतला ताप पण आता आठवतोय. फटाक्यांना घाबरला असेल म्हणून आम्ही सोडून दिलं होतं.

आणि डॉक्टर, लसणाचं वाचून पोटात गोळा आला. आमच्याकडं शेंगाची चटणी रोज असते, भाकरीला लागलेली तो चाटतोच. त्यात लसूण असतोच की.

गुरांचा_डॉक्टर
रविवार, रात्री १२:४४

चटणीच्या बोटभर चाटण्यानं हे झालेलं नाही, ते डोक्यातून काढा. इथून पुढं बंद करा म्हणजे झालं.

गोळीचं मात्र आत्ता फोन करून सांगा. सकाळची वाट बघू नका. त्या गोळीत पॅरासिटामॉलसोबत आयब्रुफेन असतं. ते माणसापेक्षा कुत्र्याच्या अंगात जास्त वेळ राहतं, जठराच्या आतल्या अस्तराला जखमा करतं, मूत्रपिंडाला त्रास देतं, आणि आहेत त्या प्लेटलेटनाही नीट काम करू देत नाही. काळी चिकट शी म्हणजे बहुतेक जठरातून रक्त जातंय. तुमचे डॉक्टर समजत असतील की सगळं रक्त गोचीड तापानं गेलं. प्लेटलेट इतक्या पडल्या की बऱ्याचदा थोडे दिवस स्टेरॉइड सुरू करतात. आयब्रुफेनच्या पाठोपाठ स्टेरॉइड पडलं तर त्या जखमा आणखी खोल जातील. म्हणून हे त्यांना कळलंच पाहिजे.

त्यांना काय वाटेल याचा विचार करू नका. माझ्याकडं रोज लोक म्हशीला काय काय पाजून येतात, आम्हाला सवय असते.

झेरॉक्सवाला_जुळे
रविवार, रात्री १:१०

केला फोन. दुसऱ्या रिंगला उचलला. मी सगळं सांगितलं, किती मिलिग्रॅमची, कधी दिली. थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "बरं झालं आत्ता सांगितलंत. सकाळी स्टेरॉइड चालू करणार होतो."

वॉचमनला फोन करून शटर उघडायला लावलं आणि स्वतः आले, बर्म्युडावर. मीही गेलो. जठराचं इंजेक्शन दिलं, मूत्रपिंडाच्या तपासणीसाठी रक्त काढून ठेवलं. माझ्यावर एक शब्द रागावले नाहीत. जाताना फक्त म्हणाले, "कार्डावर लिहितो हां आता." आणि लिहिलं.

गड्डूला घरी आणलाय. पुढच्या खोलीत पंख्याखाली आहे. छाती मोजली, २८.

आईला सांगितलं. ती आधी काही बोलली नाही. मग विचारलं, "मला चालते ती त्याला का नाही चालत?" माझ्याकडं उत्तर नव्हतं, तुमचंच वाचून दाखवलं. तिनं तो डबा उचलून फ्रीजवर ठेवला, जिथं तिचा हात पोचत नाही. उद्या गोळी लागली की मलाच काढून द्यावी लागणार.

हडपसरी_सोलापूरकर
रविवार, सकाळी ६:०५

तुमच्या भावाच्या बाजूनं थोडं बोलतो. पुण्यात रात्री डॉक्टर असणारी ठिकाणं आहेत, ऑक्सिजनची सोय आहे, हे खरं आहे. माझ्या मांजराला त्याचा उपयोग झाला. पण तिथंही रक्त देणारा तुम्हीच शोधून आणा म्हणतात पुष्कळदा. रक्त चढवून दोन दिवस झाले आणि मोजणी खालीच राहिली, तर मग या, रात्री १० नंतर निघा, पहाटे पोचाल. रेल्वेचा विचार करू नका. कुत्र्याला एक तर फर्स्ट एसीचं आख्खं कूपे घ्यावं लागतं, नाहीतर गार्डच्या डब्यातल्या पेटीत टाकतात. आजारी जनावर त्या पेटीत घालायचं नाही.

भावाला एवढंच सांगा की डॉक्टरांशी थेट बोल. लांब असलेल्या माणसाला हातपाय हलवता येत नाहीत, म्हणून तो फोनवर जोर काढतो. मीही तेच करायचो.

मंगळवेढ्याचा_कारवानी
रविवार, सकाळी ६:१२

दादा, माझ्याकडं कारवानी कुत्रा आहे. वाघ्या. चार वर्षांचा, २९ किलो, लसी झालेल्या, कार्ड आहे. गोचिडाची तीन महिने चालणारी गोळी देतो त्याला. किट केलेली नाही, तिथं आल्यावर करा. पिकअप घेऊन निघतोय, तासा-दीड तासात येतो. पत्ता टाका.

गुरांचा_डॉक्टर
रविवार, सकाळी ६:३०

कारवानी असेल तर उत्तम. ग्रेहाउंडसारख्या पळणाऱ्या कुत्र्यांत तांबड्या पेशींचं प्रमाण मुळातच जास्त असतं, त्यांचं रक्त म्हणून मागतात, आणि आपला कारवानी त्याच धाटणीचा. निघण्याआधी वाघ्याला पोटभर खायला घालू नका, पाणी चालेल. रक्त दिल्यावर घाला.

झेरॉक्सवाला_जुळे
रविवार, रात्री १०:२०

सविस्तर लिहितो, कारण उद्या कुणालातरी लागेल.

वाघ्या साडेआठला पोचला. पिकअपमधून उतरला तेव्हा रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली, उभा राहिला की माझ्या मांडीपर्यंत. किट निगेटिव्ह, मोजणी चांगली. मग डॉक्टरांनी काचेच्या पट्टीवर गड्डूच्या रक्ताचं वरचं पिवळं पाणी आणि वाघ्याच्या तांबड्या पेशी एकत्र करून मला दाखवल्या. फाटलेल्या दुधासारख्या गुठळ्या दिसल्या तर रक्त द्यायचं नाही. दिसल्या नाहीत. उलटी बाजूही तपासली.

वाघ्याला टेबलावर कुशीवर निजवलं, मानेवरचे केस काढले आणि मानेच्या शिरेतून रक्त घेतलं. माणसांना वापरतात तीच ३५० मिलीची पिशवी. ती खाली छोट्या काट्यावर ठेवून कंपाउंडर एका हातानं सारखी डोलवत होता, आतलं औषध रक्तात मिसळावं म्हणून. आकडा वर चढत होता आणि मालक वाघ्याच्या कानात काहीतरी कानडी-मराठी मिसळून बोलत होते. दहा-बारा मिनिटं लागली. वाघ्या उठला, अंग झटकलं, पाणी प्यायला आणि दूध-भाकरी खाल्ली.

गड्डूला पहिला अर्धा तास अगदी थेंब-थेंब. दर पंधरा मिनिटांनी थर्मामीटर. अंगाला काप भरला, तोंड सुजलं, उलटी झाली तर लगेच बंद करायचं असं ठरलं होतं. मी वहीत आकडे लिहीत होतो: १०१.८, १०२, १०२, १०२.४. तिथं डॉक्टर दोन मिनिटं थांबले, मग पुढं. १०२.२. मग वेग वाढवला. चार तासांच्या आत पिशवी संपवायची असते, नाहीतर रक्त खराब होतं. मध्ये वीस मिनिटं लाइट गेली. टेलरनं पाठवलेल्या पोरानं टॉवेल ओला करून गड्डूच्या पायांना लावला आणि मी जुन्या वहीच्या पुठ्ठ्यानं वारा घातला.

तिसऱ्या तासाला मी ओठ वर करून बघितला. हिरडी आणि दात मिळतात त्या कडेला, अगदी सुतासारखी, गुलाबी रेघ होती. मला वाटलं डोळे फसवतायत, म्हणून कंपाउंडरला बोलावलं. त्यानं मोबाइलचा टॉर्च मारला. होती.

साधारण त्याच वेळी वाघ्या पिंजऱ्याशी येऊन वास घ्यायला लागला. आणि आमच्या या नालायकानं चार दिवसांत पहिल्यांदा मान उचलली, ती त्याच्यावर गुरगुरायला.

पेट्रोलचे पैसे द्यायला लागलो तर मंगळवेढ्याचे अण्णा म्हणाले, "ते ठेव बे, सातबाऱ्याच्या झेरॉक्सा काढायच्या हायत, लई हायत, त्या फुकट काढून दे." एकशे चाळीस पानं निघाली. भावकीचं प्रकरण आहे म्हणे.

कंबर_तलावाची_माई
रविवार, रात्री १०:३१

गुरगुरला ना, मग मी आज झोपते.

साधा_माणूस_बाळे
रविवार, रात्री ११:१५

लसणाचं मला माहीत नव्हतं. आमच्या दोन कुत्र्यांना बंद केलं आजपासून. गोचिडाची ती तीन महिन्यांची गोळी कितीला पडते?

झेरॉक्सवाला_जुळे
पुढचा शनिवार, रात्री ९:५०

उशीर झाला कळवायला. दुकान आणि दवाखाना यात आठवडा गेला.

रक्तानंतर दुसऱ्या दिवशी हिमोग्लोबिन ७.१ होतं, पण प्लेटलेट फक्त २२,०००. मी खचलो होतो. डॉक्टर म्हणाले, चढवलेल्या रक्तानं प्लेटलेट फारशा वाढत नसतात, त्या औषधानंच वाढणार. मंगळवारी परत नाकातून थोडं आलं. त्या रात्री भावानं खरोखर पुण्यात गाडी बघून ठेवली होती. मी त्याला डॉक्टरांशी बोलायला लावलं, अर्धा तास बोलले दोघं. मग तो मला म्हणाला, "थांब दोन दिवस." हे वाक्य त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं.

गुरुवारी शी तपकिरी झाली. आज मोजणी केली: हिमोग्लोबिन ७.९, प्लेटलेट ६१,०००, पांढऱ्या पेशी ४,४००. मूत्रपिंडाचा रिपोर्ट ठीक आहे. डॉक्टर 'बरा झाला' म्हणत नाहीत, आकडे वर जातायत एवढंच म्हणतात. आज सुट्टी दिली. डॉक्सीसायक्लिन एकूण २८ दिवस, पोटात काही असतानाच द्यायची, वर पाणी पाजायचं, आणि दर आठवड्याला रक्त तपासायचं. बिल किती झालं ते लिहीत नाही, आई हे वाचते आता.

डॉक्टर, तुम्ही मला मेसेजमध्ये म्हणाला होता की हे तांबडे गोचीड कुत्र्याच्या अंगावरून उतरून अंडी घालायला भिंतीवर वर चढतात, तर फरशीवर नको, वरच्या फटींत शोधा. आज दुकान बंद ठेवून शोधलं. रिमांच्या फळीच्या खाचेत पाच-सहा निघाले. झेरॉक्स मशीनच्या मागं, वायरींच्या पट्टीत, पुष्कळ. आणि काउंटरच्या वर सिद्धरामेश्वरांची तसबीर आहे, ती उतरवली तर मागच्या भिंतीला गिलाव्याची फट, बोटभर लांब. त्यात राखाडी फुगलेली एक मादी आणि तिच्यापुढं खसखशीसारखी तपकिरी अंडी, चिमूटभर तरी असतील. रोज सकाळी मी त्याच तसबिरीला उदबत्ती लावत होतो.

गवंडी उद्या ८ ला येतोय फटी बुजवायला. बुजवायच्या आधी फवारायला काय वापरू? दुकानात दिवसभर माणसं असतात, कागद ओला होऊन चालणार नाही, आणि आमच्याकडं नळाला पाणी आता बुधवारी येणार आहे, तोपर्यंत धुता येणार नाही. गड्डूला तोपर्यंत घरीच ठेवतोय. आत्ता दाराशी बसलाय, नरसाळं घालून, गाडीच्या किल्लीकडं बघत.

गुरांचा_डॉक्टर
पुढचा शनिवार, रात्री १०:१५

अंडी झाडू नका, हातानं चिरडू नका. जुना कपडा रॉकेलमध्ये भिजवून टिपून घ्या आणि तो कपडा बाहेर मोकळ्या जागी जाळा. मशीनची वायर आधी काढा. फवारणीचं उद्या सकाळी ८ ला फोन करतो, तुमच्या डॉक्टरांनाही लाइनवर घेऊ. तेवढ्या वेळात गवंड्याला चहा पाजा. आणि तीन आठवड्यांनी परत त्याच फटी बघायच्या, राहिलेली अंडी तोवर फुटतात.